जुन्या क्वार्ट्झ क्रोनोग्राफची दुरुस्ती आणि जलरोधकता : नागपुरातील नवशिक्यांसाठी

१९८० च्या दशकातले क्वार्ट्झ क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेली सेलवरची घड्याळे, दुरुस्तीला घेतले की नवशिक्याचे सारे लक्ष काट्यांवर असते, आणि काटे फिरू लागले की काम संपले असे त्याला वाटते. माझ्या मते तेव्हा काम निम्मेही झालेले नसते. अशी घड्याळे बंद पडतात ती बहुधा झिजून नव्हे, तर गळलेल्या सेलमुळे आणि आत शिरलेल्या ओलाव्यामुळे. म्हणून मशीन आणि केस (म्हणजे घड्याळाचे बाहेरचे कवच) ही एकाच दुरुस्तीची दोन अंगे मानावीत, आणि झाकण शेवटचे बंद कधी व कुठे करायचे हे काम सुरू करण्याआधीच ठरवून ठेवावे. हा शेवटचा मुद्दा नागपुरात विशेष महत्त्वाचा का आहे, ते पुढे येईलच.

आधी घड्याळ कोणते आहे ते नीट ओळखावे. सीको या जपानी कंपनीच्या घड्याळात मागच्या झाकणावर चार अंकी-अक्षरी दोन गट कोरलेले असतात. पहिला गट मशीनचा आणि दुसरा केसचा असतो, उदाहरणार्थ ७ए२८-७०४०. त्याजवळच्या सहा आकडी क्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक सांगतो आणि दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर यांच्यासाठी ओ, एन आणि डी ही अक्षरे वापरली जात. क्रमांक ३५ ने सुरू होत असेल तर घड्याळ मे १९८३ चे किंवा मे १९९३ चे, आणि दशक कोणते ते मशीनवरून कळते. १९८३ मध्ये आलेले ७ए२८ हे काट्यांचे पहिले क्वार्ट्झ क्रोनोग्राफ मशीन होय. त्यात १५ जुवेल (चाकांचे घर्षण कमी करणारे खड्यांचे आधार) आणि चार स्वतंत्र मोटरी आहेत, आणि ते धातूचे असून खोलून साफ करता येईल असे बांधलेले आहे. त्याच्याच एका रूपातली घड्याळे १९८४ पासून ब्रिटिश हवाई दलाला पुरवली गेली. तारीख-वार दाखवणारे ७ए३८ हे त्याचेच भावंड. पुढच्या काळातल्या ७टी मालिकेतल्या मशीनमध्ये प्लास्टिकचे भाग येऊ लागले, त्यामुळे ती खोलण्यापेक्षा बदलणे अनेकदा सोयीचे पडते. शिकण्यासाठी मी ७ए कुळातले घड्याळ सुचवीन. शून्यावर आणताना ज्याचा मोठा काटा सरकत न जाता टपकन उडी मारून परततो, ते घड्याळ मात्र पहिल्या प्रयत्नाला हाती घेऊ नये. त्याच्या आत क्वार्ट्झला जोडलेली यांत्रिक क्रोनोग्राफची गुंतागुंत असते आणि ती या लेखाच्या आवाक्याबाहेरची आहे.

घड्याळ विकत घेत असाल तर काचेतून तबकडीची कड भिंगाखाली पाहावी. कडेने वाढत आलेले ठिपके, छोट्या तबकड्यांभोवतीचा तपकिरी डाग किंवा काट्यांच्या मुळाशी गंज दिसला तर पाणी आत जाऊन आले आहे असे समजावे आणि किंमत त्या हिशोबाने बोलावी. बटणे दाबून पाहावीत. दाबलेले बटण हळूहळू वर येत असेल तर त्यात घाम आणि साबणाचा चिकटा साचलेला असतो, जो साफ होतो. आतच राहणारे बटण मात्र गंजलेले असू शकते.

साहित्य फार लागत नाही, पण जे लागते ते बरे असावे. डोळ्याला लावायचे भिंग, टोक न वाकलेले दोन चिमटे (त्यातला एक प्लास्टिकचा), बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच, झाकण उघडण्याची चावी आणि पाते, रबरी हवाफुगा, डिजिटल मल्टिमीटर, व्हर्नियर कॅलिपर, सिलिकॉन ग्रीस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढ्यात सुरुवात होते. सीताबर्डी किंवा इतवारीच्या बाजारात फिरताना घड्याळ-कारागिरांकडे चौकशी केली तर पाणी अडवणाऱ्या रबर रिंगांचा संच कुठे मिळतो हेही कळते. मात्र एका कामाच्या चिमट्याने दुसरे काम भागवण्याची सवय लावून घेऊ नये, कारण या मशीनमध्ये एका घसरलेल्या टोकाची किंमत नव्या मशीनइतकी असते.

आता उघडण्याविषयी. उन्हाळ्यात आपल्या घरी खसाच्या ताट्यांचा कूलर चालू असतो आणि त्याच्यासमोरची जागा बसायला सर्वांत सुखाची असते. नेमक्या त्याच जागी घड्याळ उघडू नये. कूलर खोलीत थंडावा आणतो तो पाणी हवेत सोडून, आणि सोबत ताट्यांतला भुसाही उडवतो. कूलर व पंखा बंद करून, मेजावर पांढरा कागद अंथरून, दार लोटून बसावे. स्क्रूने फिरणारे झाकण त्याच्या खाचांत बसणाऱ्या चावीने उघडते. दाबून बसवलेल्या झाकणाच्या कडेला कुठेतरी छोटी फट असते, तिथेच पाते लावावे. चार स्क्रूंचे झाकण असेल तर स्क्रू थोडे थोडे आणि समोरासमोरचे असे सैल करावेत. उघडण्याआधी सांध्यातली काळी घाण लाकडी काडीने काढून टाकावी, नाहीतर ती थेट मशीनवर पडते.

झाकण निघाले की प्रथम छायाचित्र काढावे. मग सेल प्लास्टिकच्या चिमट्याने काढावा. ७ए२८ ला एसआर ९३६ एसडब्ल्यू म्हणजे ३९४ नंबरचा सेल लागतो. नावातच त्याचे माप आहे : साडेनऊ मिलिमीटर व्यास आणि ३.६ मिलिमीटर जाडी. हा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल असून त्याचा दाब १.५५ व्होल्टच्या आसपास जवळजवळ अखेरपर्यंत स्थिर राहतो. त्याच मापाचा एलआर अक्षरांचा अल्कलाइन सेल स्वस्त मिळतो. पण त्याचा दाब हळूहळू उतरत जातो आणि तो गळण्याची भीतीही जास्त असते, म्हणून दुकानदाराने “तोच आहे” म्हटले तरी अक्षरे वाचूनच घ्यावा. सेल गळलेला असेल तर पांढरी-हिरवी पूड दिसते. हा क्षार असतो. लाकडी काडीच्या टोकाला किंचित व्हिनेगर लावून फक्त सेलला टेकणाऱ्या पट्टीवरचा भाग पुसावा, नंतर अल्कोहोलने दोनदा पुसून कोरडा करावा. हे करताना कॉइलजवळ, म्हणजे मोटरीच्या तारेच्या गुंडाळीजवळ, एक थेंबही जाऊ देऊ नये.

कॉइलविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक घड्याळे इथेच मरतात. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे २ चा पंधरावा घात, त्यामुळे सर्किट त्याला पंधरा वेळा निम्मे करून सेकंदाला एक ठोका काढते. तो ठोका ज्या कॉइलमधून मोटरीला पोचतो तिची तार डोक्याच्या केसापेक्षा बारीक असून लाखेच्या पातळ थराने झाकलेली असते. स्क्रू ड्रायव्हर घसरला, मल्टिमीटरची टोकदार काडी रुतली, की तार तुटते आणि ती जोडणे घरच्या मेजावर शक्य नसते. म्हणून सेल काढल्यावर, स्क्रूला हात लावण्याआधी, मल्टिमीटरच्या काड्या कॉइलच्या तारेवर न टेकवता सर्किटवरच्या तिच्या दोन टोकांवर टेकवून रोध मोजावा. साधारण एक ते तीन किलोओहमच्या दरम्यान आकडा आला तर कॉइल जिवंत आहे असे धरावे, आणि त्या मशीनचे तांत्रिक पत्रक मिळाले तर नेमका आकडा त्यातून पाहावा. मल्टिमीटर अनंत दाखवत असेल तर तार तुटली आहे. क्रोनोग्राफमध्ये अशा अनेक कॉइल असतात, त्या सर्व मोजून वहीत लिहून ठेवाव्यात. वेळ बरोबर दाखवणाऱ्या घड्याळात फक्त मिनिटांचा छोटा काटा हलत नसेल, तर दोष त्याच एका मोटरीत किंवा तिच्या दातेचक्रांत शोधायचा, हे या आकड्यांवरून लगेच कळते.

कॉइल शाबूत आहेत, नवा सेल घातला, तरी घड्याळ हलत नाही, असे झाले तर दोन शक्यता आधी पाहाव्यात. अनेक सीको मशीनमध्ये सेल बदलल्यावर सर्किट पुन्हा सुरू करून द्यावे लागते. त्यासाठी एसी असे कोरलेला संपर्कबिंदू आणि सेलची धन बाजू धातूच्या चिमट्याने दोनेक सेकंद जोडाव्यात. एवढ्यानेच मेलेले समजलेले घड्याळ उठून बसल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. दुसरी शक्यता वाळलेल्या तेलाची. या मोटरींचा जोर अगदी तोळामासा असतो आणि चाळीस वर्षांत गोंदासारखे झालेले तेल तिला अडवते. बाहेरून अल्कोहोल किंवा तेल सोडून हे सुटत नाही, उलट घाण पसरते. मशीन खोलून, भाग धुऊन, नेमक्या जागी सुईच्या टोकाएवढे नवे तेल द्यावे लागते.

खोलायचे की नाही हा निर्णय इथे घ्यावा. चावीची (म्हणजे वेळ लावायच्या बाजूच्या गोल खुंटीची) दांडी सोडवण्यासाठी मशीनवर एक छोटा खळगा किंवा बाणाची खूण असते. तिथे हलके दाबून, चावी न हिसकता, अलगद ओढावी. मशीन बाहेर येते, पण पुढे काटे काढायचे असतात : तास, मिनिट, मधला लांब सेकंद काटा आणि तीन छोटे. काढण्याआधी क्रोनोग्राफ शून्यावर आणावा, छायाचित्र घ्यावे आणि तबकडीवर पातळ प्लास्टिक ठेवूनच काटे उचलावेत. छोट्या काट्यांचे खांब इतके बारीक असतात की तिरका जोर लागला तर ते वाकतात. काट्यांवर किंवा आकड्यांवर चमकणारा पदार्थ असेल तर तो खरवडू नये. विशेषतः तबकडीच्या तळाशी टी स्विस टी असे लिहिलेले असेल तर त्यात ट्रिटियम हा किरणोत्सर्गी पदार्थ आहे, आणि त्याची पूड हवेत उडवण्यात शहाणपण नाही. माझे मत असे की पहिल्या घड्याळात काटे काढण्यापर्यंतच जावे, दातेचक्रांचे काम अनुभवी कारागिराकडे द्यावे, आणि केसचे काम मात्र पूर्णपणे स्वतः करावे. कारण मशीनकडे कारागीर मन लावून पाहतो, पण रबरी रिंगांकडे पाहायला त्याला वेळ नसतो. एका दुकानात मी सेल बदलून आणलेल्या घड्याळात झाकणाची रिंग खाचेबाहेर येऊन दोन जागी चिरडलेली निघाली होती. तीन पावसाळे ते घड्याळ मी निर्धास्तपणे मनगटावर घातले होते.

मशीन झाकणबंद डबीत ठेवून केस कोमट पाण्यात साबणाने, मऊ ब्रशने धुवावी. आता पाण्याच्या वाटा मोजाव्यात : झाकण, काच, चावी आणि प्रत्येक बटण. ७ए२८ मध्ये तीन बटणे आहेत, म्हणजे एकूण सहा वाटा. त्यांपैकी झाकणाची रिंग सर्वजण बदलतात आणि बटणांच्या रिंगा जवळजवळ कोणी बदलत नाही.

झाकणाच्या रिंगेचे माप जुन्या रिंगेवरून घेऊ नये. ती इतकी वर्षे दबून चपटी आणि कडक झालेली असते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात लोखंडी कपाटात पडून राहिलेली असेल तर बोटांत तुटतेही. केसमधल्या खाचेचा व्यास, रुंदी आणि खोली मोजावी. रिंगेची जाडी खोलीपेक्षा इतकी जास्त हवी की झाकण बसल्यावर ती साधारण पाचव्या भागाने दबेल. त्याहून कमी दबली तर सांधा पक्का होत नाही, आणि फार जास्त दबली तर झाकण बसत नाही किंवा रिंग कापली जाते. रिंग खाचेत आपोआप बसली पाहिजे. लहान रिंग ताणून बसवली की ती पातळ होते आणि मापाचा सगळा हिशोब चुकतो. खाचेत खड्डे पाडणारा गंज असेल तर नवी रिंगही उपयोगाची नाही, कारण पाणी रिंगेखालच्या खड्ड्यातून वाट काढते.

चावीच्या आत एक बारीक रिंग असते. ती स्वतंत्रपणे बदलता येत असेल तर बदलावी, नाहीतर चावीच बदलावी. बटणांची कृती थोडी नाजूक आहे. प्रत्येक बटणाची दांडी आतल्या बाजूला एका इवल्याशा क्लिपने अडवलेली असते. ती निघताना टिचकी मारल्यासारखी उडते आणि फरशीवर सापडत नाही, म्हणून केस आणि हात दोन्ही पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून हे काम करावे. क्लिप निघाली की बटण, स्प्रिंग आणि रिंग बाहेर येतात. कोणत्या जागेचे बटण कोणते ते वेगवेगळ्या वाटीत ठेवावे, कारण दिसायला सारखी असली तरी लांबीत फरक असू शकतो. नळीतला चिकटा अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या लाकडी काडीने काढावा, धातूने खरवडू नये. नवी रिंग दांडीवर चढवून तिला सिलिकॉन ग्रीसचा जेमतेम चमकेल एवढाच हात द्यावा. जास्तीचे ग्रीस आत सरकत जाऊन तबकडीवर पोचते. काही जण ग्रीसऐवजी खोबरेल तेल लावतात. ते नागपूरच्या डिसेंबरात गोठते आणि मे महिन्यात पाझरते, तेव्हा त्याचा विचारही करू नये.

काच बहुधा नायलॉनच्या रिंगेत दाबून बसवलेली असते. तिच्यासाठी दाबयंत्र आणि योग्य साचे लागतात. ते नसतील तर काच व तिची रिंग दुकानात बसवून घ्यावी, पण नवी काच मूळ जाडीचीच आहे याची स्वतः मापून खात्री करावी. पातळ काच दाबाखाली वाकते.

आता झाकण बंद करण्याची वेळ. माझ्या पहिल्या घड्याळाच्या साऱ्या रिंगा मी बदलल्या होत्या, पण झाकण बंद केले ते जुलैतल्या एका पावसाळी संध्याकाळी. घड्याळ उत्तम चालले. डिसेंबरात पहाटे स्कूटरवरून अंबाझरीकडे निघालो आणि शंकरनगरपर्यंत पोचतो तोच काचेच्या आतून धुके धरले. रिंगा गळत नव्हत्या, पाणी मीच आत कोंडले होते. २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचे दव सुमारे २४ अंशांवरच पडू लागते, आणि थंडीतल्या वाऱ्यात काच त्याहून बरीच थंड होते. उलट मे महिन्यातल्या दुपारी ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असते तेव्हा दव पडण्याचे तापमान ११ अंशांच्या आसपास येते. म्हणजे कूलर बंद करून घामाघूम होत केलेले काम पावसाळ्यातल्या आरामात केलेल्या कामापेक्षा कितीतरी सरस ठरते. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी दुपारही तितकीच चांगली, आणि बसायला अर्थातच सुखाची. पावसाळ्यातच बंद करणे भाग असेल तर झाकण उघडे ठेवून घड्याळ ताज्या सिलिका जेलसह घट्ट डब्यात रात्रभर ठेवावे आणि बाहेर काढताच बंद करावे. बंद करण्याआधी क्रोनोग्राफचे काटे शून्यावर येतात का ते पाहावे. थोडे मागेपुढे थांबत असतील तर अनेक मशीनमध्ये चावी ओढून बटणांनी ते जुळवता येतात, आणि तसे नसेल तर काटा पुन्हा बसवावा लागतो.

यानंतर चाचणी. घड्याळ भांड्यातल्या पाण्यात बुडवून पाहणे ही चाचणी नव्हे, कारण चुकलेल्या रिंगेची किंमत मशीनने मोजावी लागते. कोरड्या यंत्रात हवेचा दाब देऊन केस किती दबते आणि दबलेली राहते का हे मोजतात, आणि त्यात पाण्याचा संबंधच येत नाही. असे यंत्र कोणत्या दुकानात आहे ते आधी विचारून जावे. हातपंपाचे पाण्याचे यंत्र स्वतः घेतले तर पहिली चाचणी मशीनशिवाय, नुसत्या बांधलेल्या केसवर करावी. आत पकडायला काही नसल्यामुळे चावी रबरबँडने हलके धरून ठेवावी. घड्याळ पाण्याच्या वर टांगून दाब ३ बारपर्यंत न्यावा, चार-पाच मिनिटे थांबावे, मग घड्याळ पाण्यात उतरवून दाब सावकाश सोडावा. एकाच जागेतून बुडबुड्यांची माळ निघाली तर तीच गळकी वाट. बुडबुडे दिसताच दाब सोडणे थांबवून घड्याळ पाण्याबाहेर घ्यावे, नाहीतर दाब उतरताच पाणी आत ओढले जाते. केसवर अडकलेले सुटे बुडबुडे मात्र गळती समजू नयेत.

शेवटी धुक्याची साधी परीक्षा घ्यावी. बंद घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवावे, मग काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवून तो पुसावा. आतून धुके धरले तर ओलावा आत आहे आणि झाकण पुन्हा उघडायचे आहे. मे महिन्यात या तापवण्यासाठी वेगळी सोय करावी लागत नाही, खोलीतले मेजच पुरते.

चाचणी उत्तीर्ण झाली तरी झाकणावरच्या जुन्या आकड्यावर विसंबू नये. १ बार म्हणजे सुमारे १० मीटर पाण्याचा स्थिर दाब. पण ३० मीटर लिहिलेले घड्याळ ३० मीटर खोल नेण्यासाठी नसते, ते हात धुताना उडणाऱ्या पाण्यासाठी आणि पावसाच्या सरींसाठी असते. १०० मीटर कोरलेल्या चाळीस वर्षांच्या केसलाही मी तेवढेच काम देतो. साबण लावून अंघोळ आणि पोहणे टाळतो, आणि मनगट ओले असताना क्रोनोग्राफचे बटण कधीही दाबत नाही, कारण दाबल्या जाणाऱ्या दांडीबरोबर पाण्याचा थरही नळीत सरकतो. दर वर्षी मृगाच्या आधी दाबाची चाचणी पुन्हा करावी, आणि सेल बदलण्यासाठी झाकण उघडले की रिंगही बदलावी.

वेळेच्या अचूकतेचा हिशोब एप्रिल-मे महिन्यात धरू नये. हा स्फटिक साधारण २५ अंशांना सर्वांत नेमका चालतो आणि त्यापासून तापमान जितके दूर जाईल तितका मंदावतो. ४५ अंशांच्या खोलीत पडून राहिलेले घड्याळ दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे पडू शकते, म्हणजे महिन्याला अर्ध्या मिनिटाहून थोडे अधिक. ते दुरुस्तीत काही चुकले म्हणून नव्हे. तेच घड्याळ पाऊस सुरू झाल्यावर, रोज मनगटावर घालून, महिनाभर रेडिओच्या वेळेशी ताडून पाहावे आणि तो आकडा कॉइलच्या रोधाखाली वहीत लिहावा.